कुलवृत्तांत मेळाव्याला येण्यापूर्वी



घराण्यांच्या इतिहासावर मंडळातर्फे आपण एक दिवसाचा मेळावा घेत आहोत. नावे नोंदवताना अनेकांनी एकच शंका विचारली, "आमच्याकडे तर कागदाचा चिटोराही नाही, येऊन काय करू?" त्यांच्यासाठी हे चार शब्द.

आपल्या बडोद्यात "आम्ही दमाजीरावांबरोबर आलो" हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांकडे कायमचे आले, हे खरे. पण लोक एकाच खेपेला आले नाहीत. कोणी फौजेबरोबर आले, कोणी फडावर कारकुनीला, आणि पुष्कळसे तर फार नंतर, सयाजीराव महाराजांच्या काळात शिक्षक किंवा इंजिनिअर म्हणून. आपला पूर्वज यातला नेमका कोण, हे ठरवणे म्हणजेच शोधाची सुरुवात.

कागद नसले तरी नावे असतात. ज्या घरांत श्राद्धपक्ष होतो तिथे बाप, आजा, पणजा आणि आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, शिवाय आईच्या माहेरच्याही. गुरुजींच्या किंवा घरातल्या जुन्या वहीत ही नावे गोत्रासह लिहिलेली सापडतात. ती आधी उतरवून घ्या. पुढचा टप्पा तीर्थोपाध्यायांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या माणसाने आपले नाव, गाव, भाऊ, मुलगे सांगून नोंद केलेली असते. तिथे जाताना नुसते आडनाव पुरत नाही, मूळ गाव सांगावे लागते. कोल्हापूर-बेळगावकडचे मूळ असलेल्या घरांनी हेळव्यांचीही चौकशी करावी. ते गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगत आले आहेत.

आडनावाने फसगत फार होते. फडणीस, चिटणीस, मुजुमदार ही मुळात हुद्द्यांची नावे. एकाच आडनावाची दोन घरे नात्यात असतीलच असे नाही, आणि दोन सख्ख्या भावांची आडनावे वेगळी झाल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव हे तिन्ही जुळले, तरच नाते धरावे.

सनावळीत तर भलेभले चुकतात. जुन्या कागदावर शके १६७८ असते आणि आपण ते इसवी सन समजून वाचतो. मग घराणे थेट शिवाजी महाराजांच्या काळात जाऊन बसते! शकात ७८ मिळवले की १७५६ येते. (वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत, म्हणजे पौषापासून पुढे, ७९ मिळवावे लागू शकतात.) गुजरातीत लिहिलेल्या कागदावर विक्रम संवत असतो आणि तो कार्तिकात बदलतो. त्यातून ५६ वजा करायचे, दिवाळीनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांसाठी ५७. मराठी दप्तरात शुहूर सन अरबी शब्दांत येतो. 'सबा खमसैन मया व अलफ' म्हणजे सात, पन्नास, शंभर आणि हजार, मिळून ११५७. हा सन मृगाच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. म्हणजे १७५६-५७, वरच्या शकाचेच वर्ष.

हे कागद मोडीत असतात, आणि मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत. त्यामुळे घरातले रुमाल 'हिशेबाचे असतील' म्हणून माळ्यावर पडतात. आमच्यातल्याच एका घराने दांडिया बाजारातला वाडा रिकामा करताना दोन गाठोडी रद्दीत दिली. त्यातले एक पान कुणीतरी पुठ्ठ्याला चिकटवले होते म्हणून वाचले. ते वाचून घेतल्यावर कळले की ती घरातल्या वाटणीची यादी होती, पाचही भावांच्या नावांसकट. बाकीच्या पानांत काय होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हा मोडी कागद दिसला की टाकू नका, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. फोटो काढा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवा.

घराबाहेर शोधायचे तर बडोद्यात कोठीचे जुने दप्तर आहे, आणि पुण्याला पेशवे दप्तर आहेच. त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित करणारे रियासतकार सरदेसाई आधी आपल्याच बडोदे दरबारच्या नोकरीत होते, हे ठाऊक असावे! पण सरकारी दप्तरात नाव, गाव आणि अंदाजे साल हाताशी असल्याशिवाय जाऊ नये. नुसते दिवस जातात.

एक गोष्ट आम्हाला खटकते. आलेल्या बहुतेक वंशावळींत मुलींची नावे नाहीत, आणि सुना आहेत त्या सासरच्या नावाने. लग्नात नाव बदलले की माहेरची बाई कागदावरून पुसली जाते. ही माहिती आज फक्त आजी-पणजींच्या तोंडी आहे. त्यामुळे मेळाव्याआधी एवढे तरी कराच. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि विचारा, "तुमचे माहेरचे नाव काय? तुमच्या आईचे माहेर कुठले?"

येताना ही उत्तरे, गोत्र-कुलदैवत-मूळ गाव लिहिलेला कागद आणि जुने फोटो आणा. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे लिहिलेली असू द्या. मोडी कागद असल्यास मूळ प्रत घरीच ठेवून फोटो आणा. वाचून देणारे जाणकार दुपारी चहापर्यंत थांबणार आहेत.