‘आता उशीर झाला’ या वाक्याची वीस वर्षं

पंचवीसेक वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत जन्मजात मोतीबिंदू असलेलं बारा-चौदा वर्षांचं मूल घेऊन आईवडील एखाद्या नेत्ररुग्णालयात गेले, की त्यांना बहुतेक वेळा सांगितलं जाई, ‘आता उशीर झाला.’ शस्त्रक्रिया अवघड होती असं नाही. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवण्याचं तंत्र तेव्हा चांगलं रुळलेलं होतं. अडचण मेंदूची होती. इतकी वर्षं डोळ्यांकडून काहीच न मिळालेला मेंदू आता पाहायला शिकणार नाही, मग शस्त्रक्रियेचा खटाटोप कशाला, असा तो हिशेब होता. गेल्या दोन दशकांत तो चुकीचा ठरला, आणि ज्या मुलांना दारातून परत पाठवलं जात होतं त्यांनीच तो चुकीचा ठरवला.

या हिशेबाच्या मागे भक्कम विज्ञान होतं. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघे मांजराच्या मेंदूतली एकेक पेशी काय ‘पाहते’ याचा शोध घेत होते. पडद्यावर काळे-पांढरे ठिपके दाखवून ते थकले, पेशी ढिम्म. मग एकदा काचेची पट्टी यंत्रात सरकवताना पेशी एकदम कडाडू लागली. तिला ठिपक्याशी काही देणंघेणं नव्हतं. काचेच्या कडेची जी पुसट तिरपी रेघ पडद्यावरून सरकत गेली, तिला ती प्रतिसाद देत होती. मेंदू दृश्याची फोड रेघा, कडा आणि हालचाल यांत करतो, हे त्यातून उलगडलं. पुढे १९६३ मध्ये या दोघांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे शिवून ठेवला. नंतर तो उघडला, पण त्या डोळ्याला मेंदूत जागाच उरली नव्हती, दुसऱ्या डोळ्याने ती बळकावली होती. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं, आणि दृष्टी घडण्याचा एक ठरावीक काळ असतो, तो उलटला की दार बंद, ही समजूत वैद्यकात घट्ट बसली.

पुढच्या संशोधनाने ती आणखी घट्ट केली. जन्मांध माणूस बोटांनी ब्रेल वाचतो तेव्हा त्याच्या मेंदूचं दृष्टिकेंद्र कामाला लागतं, असं १९९६ मध्ये दिसून आलं. मेंदू रिकामी जागा पडू देत नाही, हे खरं तर त्याच्या लवचीकपणाचं मोठं उदाहरण. पण त्यातून निराशेचा अर्थही निघत होता: दृष्टीची जागा स्पर्शाने आणि आवाजाने व्यापली असेल, तर उशिरा आलेल्या उजेडाने बसायचं कुठे?

माणसांवरचा पुरावा तुटपुंजा होता. त्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण ब्रिटनमधलं. लहानपणीच दृष्टी गेलेल्या एका माणसाला १९५८-५९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पारपटलाच्या रोपणानंतर दिसू लागलं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी त्याचा अभ्यास केला. हत्यारांची आवड असलेल्या या माणसाला ग्रेगरींनी लंडनच्या विज्ञान संग्रहालयात नेलं. तिथे काचेआड ठेवलेलं लेथ यंत्र पाहून त्याला काही नीट उमजेना. काच उघडली, त्याने डोळे मिटून यंत्रावर हात फिरवला, मागे सरकला, डोळे उघडले, आणि मग कुठे ते यंत्र त्याला ‘दिसलं’. पुढे तो खचत गेला आणि १९६० मध्ये वारला. दृष्टी उशिरा मिळाली तर सुखापेक्षा दुःखच पदरात पडतं, असा धडा अनेकांनी या कहाणीतून घेतला. पण बावन्न वर्षांच्या एका माणसावरून दहा-बारा वर्षांच्या लाखो मुलांबद्दल निष्कर्ष काढायचा नसतो, हा साधा मुद्दा बाजूला पडला.

श्रीमंत देशांत हा मुद्दा तपासायला मुलंच नव्हती. तिथे जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांत सापडतो आणि लगेच काढला जातो. आपल्याकडे तसं नव्हतं. गरोदरपणात आईला रुबेला होऊन गेलेला असतो, तो ताप कुणाच्या लक्षातही राहत नाही. बाळंतपण घरी होतं. बाळाच्या डोळ्यात पांढरट दिसतं, त्याची नजर ठरत नाही, पण तालुक्याच्या गावी जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. नशिबाला बोल लावून घर पुढे चालू लागतं, आणि मूल आंधळं म्हणूनच वाढतं.

दिल्लीत जन्मलेले, आयआयटी दिल्लीत शिकलेले आणि अमेरिकेत एमआयटीमध्ये मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक झालेले पवन सिन्हा यांना या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या भेटीत अशीच मुलं दिसली. मेंदू पाहायला कसा शिकतो, हा तर त्यांच्या अभ्यासाचा विषयच होता. त्यांच्या लक्षात आलं की विज्ञानाला हवं असलेलं उत्तर आणि या मुलांना हवा असलेला उपचार या दोन्ही गोष्टी एकाच वाटेवर आहेत. त्यातून ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उभा राहिला. उत्तर भारतातल्या खेड्यांत आणि अंधशाळांत तपासण्या करायच्या, उपचार शक्य असलेली मुलं शोधायची, दिल्लीतल्या डॉ. श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर मोफत शस्त्रक्रिया करायची आणि मग ती पाहायला कशी शिकतात याची नोंद ठेवायची, अशी ही रचना होती. अंधशाळेत दाखल झालेल्या काही मुलांचं आंधळेपण बरं होण्यासारखं होतं आणि कुणी तपासलंच नव्हतं, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

२००६ मध्ये सिन्हांच्या गटाने एका बाईची हकिगत प्रसिद्ध केली. जन्मजात मोतीबिंदू, शस्त्रक्रिया बाराव्या वर्षी, आणि तपासणी झाली तेव्हा वय बत्तीस. तिची नजर ६/६० च्या आसपासच होती, म्हणजे तीक्ष्ण नव्हती. पण वस्तू ओळखणं, चेहरा आणि इतर गोष्टी यांत फरक करणं, समोरच्याची नजर कुठे आहे ते सांगणं, यांतलं बरंच काही तिला जमत होतं. घरकाम करून ती संसार चालवत होती. ‘उशीर झाला’ हे वाक्य तिच्याबाबतीत खरं धरलं असतं, तर यातलं काहीच तिच्या वाट्याला आलं नसतं.

त्याच सुमारास एकोणतीस वर्षांचा एक तरुण या गटाला भेटला. त्याच्या डोळ्यांत जन्मतःच भिंग नव्हतं. त्याला शस्त्रक्रियेचीही गरज नव्हती, जाड चष्मा पुरेसा होता, आणि तो एकोणतीस वर्षं मिळाला नव्हता. चष्मा लागल्यावर त्याला जग दिसलं ते तुकड्यांत. एकावर एक आलेलं वर्तुळ आणि चौकोन दाखवला, तर आपल्याला दोन आकृत्या दिसतात. त्याला तीन दिसायच्या, कारण दोघांच्या छेदातला तुकडाही त्याच्या लेखी वेगळी वस्तू होता. गाईच्या चित्रात गाय नव्हती, वेगवेगळ्या रंगछटांचे डाग होते. पण चित्रातली आकृती हलू लागली की चित्र पालटे. जे तुकडे एकत्र हलतात ते एकाच वस्तूचे, ही खूण त्याच्या मेंदूला पहिल्यापासून कळत होती. दीडेक वर्षात स्थिर चित्रातल्या वस्तूही त्याला बऱ्याच ओळखता येऊ लागल्या. २००९ मध्ये आलेल्या या अभ्यासाने मेंदू पाहणं कुठून सुरू करतो याचा धागा हाती दिला: हालचाल हा दृष्टीचा पहिला शिक्षक आहे.

२०११ मध्ये या मुलांनी सव्वातीनशे वर्षं जुन्या प्रश्नाला उत्तर दिलं. आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यूने १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकला एक प्रश्न पाठवला होता: घन आणि गोल यांतला फरक फक्त स्पर्शाने जाणणाऱ्या जन्मांध माणसाला अचानक दिसू लागलं, तर हात न लावता तो दोन्ही ओळखू शकेल का? तत्त्वज्ञांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. दिल्लीत आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांना, शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत, ठोकळ्यांनी बनवलेले आकार दिले गेले. हाताने चाचपलेला आकार हातानेच ओळखायचा, तर ९८ टक्के उत्तरं बरोबर. पाहिलेला पाहून ओळखायचा, तर ९२ टक्के. पण चाचपलेला आकार डोळ्यांनी ओळखायचा म्हटल्यावर अचूकता ५८ टक्क्यांवर आली. दोनांतून एक निवडायचा असल्यामुळे अंदाजानेही ५० टक्के जमलं असतं. म्हणजे मॉलिन्यूला उत्तर मिळालं, ‘नाही’. पण मला त्याच्या पुढची नोंद जास्त मोलाची वाटते. ज्या मुलांची पुन्हा चाचणी घेता आली, त्यांना काही दिवसांतच हे जमू लागलं होतं. हात आणि डोळा यांची ओळख जन्मतः नसते, पण करून दिली तर ती पौगंडावस्थेतही पटकन होते.

त्यानंतरचे निष्कर्ष एकमेकांना जोडून पाहिले की चित्र स्पष्ट होतं. २०१४ मध्ये अकरा मुलांच्या नजरेची बारकाई काळानुसार मोजली गेली. त्यांतल्या पाच जणांत, ठरावीक काळ उलटून गेलेला असतानाही, लक्षणीय सुधारणा दिसली. २०१५ मध्ये आढळलं की समान लांबीच्या दोन रेघा लहानमोठ्या भासवणारे दृष्टिभ्रम या मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच होतात. आपण समजत होतो की हे भ्रम वर्षानुवर्षं रस्ते, भिंती, रूळ पाहून अंगवळणी पडतात. ज्यांनी रूळ कधी पाहिलेच नव्हते, त्यांनाही ते होत होते. म्हणजे दृष्टीचा काही भाग अनुभवाची वाट न पाहता तयार असतो, काही शिकून येतो, आणि शिकण्याची मुदत आपण समजत होतो तितकी कडक नाही.

काही गोष्टी मात्र परत आल्या नाहीत, आणि तेही सांगायलाच हवं. यांतल्या बहुतेक मुलांची नजर कधीच ६/६ होत नाही. अनेकांचे डोळे सतत हलत राहतात. हा चेहरा आहे एवढं त्यांना कळू लागतं, पण कुणाचा चेहरा ते ओळखणं अवघड जातं. यामागचं कारण शोधताना २०१८ मध्ये एक अनपेक्षित विचार पुढे आला. नवजात बाळाला सुरुवातीचे महिने धूसर दिसतं. बारकावे दिसत नसल्यामुळे त्याचा मेंदू अख्ख्या चेहऱ्याची ठेवण टिपायला शिकत असावा. उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलाची सुरुवात बाळापेक्षा स्पष्ट नजरेने होते, आणि ती धूसर पायरीच गळून पडते. संगणकातल्या कृत्रिम चेताजालाला आधी धूसर आणि मग स्पष्ट चेहरे दाखवले, तेव्हा ते खरोखर अधिक भरवशाने चेहरे ओळखू लागलं. २०२४ मध्ये रंगांबाबत असंच दिसलं. बाळाला आरंभी रंग फिकेच दिसतात. या मुलांना मात्र पहिल्या दिवसापासून भडक रंग मिळतात, त्यामुळे ती रंगावर फार विसंबतात, आणि तेच चित्र कृष्णधवल केलं की चुकतात. बाळाची कमकुवत नजर ही निसर्गाची उणीव नसून शिकवण्याचा क्रम असावा, असं हे दोन्ही अभ्यास सुचवतात. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना आधी धूसर, मग स्पष्ट असा सराव देता येईल का, हा विचार त्यातूनच पुढे येतो.

याच काळात दृष्टी परत आणण्याचे दुसरे मार्गही खुले झाले. १९६८ मध्ये ब्रिटनच्या जाइल्स ब्रिंडली यांनी एका अंध स्त्रीच्या मेंदूवर ८० इलेक्ट्रोड बसवून तिला प्रकाशाचे ठिपके दाखवले होते, तिथून ही वाट निघते. २०१७ च्या अखेरीस अमेरिकेत आनुवंशिक अंधत्वाच्या एका प्रकारावर जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये अनेक वर्षं अंध असलेल्या ५८ वर्षांच्या एका माणसाच्या दृष्टिपटलातल्या पेशींना जनुकाच्या साहाय्याने प्रकाशसंवेदी केलं गेलं. खास चष्मा लावून त्याला टेबलावरची वही सापडू लागली, पेले मोजता येऊ लागले. २०२५ मध्ये दृष्टिपटलाखाली बसवायच्या २ मिलिमीटरच्या चिपचे निकाल आले. वर्षभर अभ्यासात टिकलेल्या ३२ वृद्ध रुग्णांपैकी २६ जणांना आधीपेक्षा चांगलं वाचता येऊ लागलं. या घोडदौडीला काळी किनारही आहे. आर्गस-२ हे दृष्टिपटलावरचं उपकरण बनवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये उत्पादन थांबवलं, आणि ते डोळ्यात बसवलेले रुग्ण दुरुस्तीविना वाऱ्यावर राहिले. दृष्टी देणाऱ्याची जबाबदारी शस्त्रक्रियेच्या टेबलावर संपत नाही.

अशा उपकरणांच्या बहुतेक रुग्णांनी एकेकाळी पाहिलेलं असतं, त्यांच्या मेंदूला पाहण्याची भाषा येत असते. ज्याने कधीच पाहिलं नाही, त्याच्या डोळ्यात उद्या कितीही सरस चिप बसवली तरी मेंदूला शिकवावं लागेलच. ते कसं शिकवायचं याची पहिली उजळणी दिल्लीतल्या त्या मुलांनी करून ठेवली आहे.

आता आपल्या दाराशी काय करायचं, तेही या मागोव्यातूनच निघतं. शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी चांगली, यात काही बदललेलं नाही. त्यासाठीचा पाया महाराष्ट्रात आहे. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमध्येच सुरू झाला, आणि त्याच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या पथकाने बाळाच्या बाहुलीत टॉर्चचा उजेड टाकून पाहायला एक मिनिटही लागत नाही. २०१८ च्या अखेरीस राज्यात गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली. ती लस वेळेवर मिळत राहिली, तर या मोतीबिंदूचं एक मोठं कारणच नाहीसं होईल. प्रत्येक अंधशाळेतल्या प्रत्येक मुलाची नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी व्हायला हवी, आणि ती एकदाच करून भागणार नाही.

एवढं करूनही एखादी चौदा वर्षांची मुलगी उशिरा सापडलीच, तर वीस वर्षांचा पुरावा तिच्या बाजूने आहे. तिला पूर्ण दृष्टी मिळेल असं वचन कुणी देऊ नये. पण तिचं वय पुढे करून तिला परत पाठवण्याचा हक्कही आता कुणाला नाही.