धुळीची एकाग्रता

इंटर्नशिपचा तिसरा आठवडा. डेस्कवर हवेच्या प्रदूषणाची एक इंग्रजी प्रेसनोट आली. मी भाषांतर करून पाठवलं आणि दहा मिनिटांत उपसंपादक सरांची हाक आली. स्क्रीनवर माझंच वाक्य होतं, ‘शहराच्या हवेतील धूलिकणांची एकाग्रता वाढली आहे.’

‘‘काय गं, धूळ एमपीएससीला बसलीय का यंदा?’’

अख्खा डेस्क हसला. मीपण हसले. तिथे ‘प्रमाण’ लिहायचं असतं, हे आता जन्मात विसरणार नाही.

पण कॉन्सन्ट्रेशन या शब्दाने मला पाडायची ही पहिली वेळ नव्हती. दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम. विज्ञानाच्या पुस्तकात संहत आम्ल, विरल आम्ल, द्रावणाची संहती... सगळं पाठ होतं. अकरावीला सायन्स घेतलं आणि एका रात्रीत सगळं इंग्रजी झालं. केमिस्ट्रीचे सर फळ्याकडे तोंड करून ‘कॉन्सन्ट्रेशन, कॉन्सन्ट्रेशन’ म्हणायचे आणि मी पाठ ताठ करून बसायचे. वाटायचं, लक्ष द्या म्हणतायत! फळ्यावरचं ते कॉन्सन्ट्रेशन म्हणजे आपली जुनी संहतीच, हे कळेपर्यंत दिवाळी आली. तोवर मोल, मोलॅरिटी वगैरे डोक्यावरून गेलेलं. चाचणीत नापास झाले तेव्हा प्रगतिपुस्तकावर शेरा काय असेल ओळखा. ‘नीड्स मोअर कॉन्सन्ट्रेशन.’

बारावीनंतर सायन्स सोडलं. मास कम्युनिकेशन मनापासून आवडतं, त्यामुळे रडगाणं गात नाहीये. पण वर्गात मराठी शाळांतून आलेले आम्ही बरेच जण होतो आणि सगळ्यांना वर्षभर ‘तुमचं लक्ष नसतं’ हेच ऐकावं लागलं. लक्ष होतं हो. कशाकडे द्यायचं तेच कळत नव्हतं.

जास्त वाईट याचं वाटतं की ही केमिस्ट्री माझ्या घरातच होती. आमचं गाव पेण तालुक्यात, खाडीकाठी. आजोबांची उमेद मिठागरावर गेली. (आगरी हे नावच आगरावरून पडलं असं आमच्याकडे सांगतात.) पावसाळा संपला की बांध दुरुस्त करायचे, चिखल तुडवून वाफ्यांची जमीन घट्ट करायची, उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि वाट बंद करायची. पुढचं काम उन्हाचं आणि वाऱ्याचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आगरावर हे मोजतात डिग्रीत. समुद्राचं पाणी ३ डिग्रीच्या आसपास भरतं. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत, आटवत ते २५ डिग्रीपर्यंत नेलं की मीठ धरायला लागतं. तिशी मात्र गाठू द्यायची नाही. कारण मग मॅग्नेशियमचे क्षार बसायला लागतात आणि मीठ कडवट होतं. म्हणून ते उरलेलं पाणी वेळेवर सोडून द्यायचं. आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर? सगळं पुन्हा पातळ. दोन-तीन आठवड्यांची मेहनत एका संध्याकाळी पाण्यात, अगदी शब्दशः.

आजोबांना डिग्री बघायला मीटर फारसा लागायचा नाही. पाण्यावर तांबूस झाक आली की ते ओळखायचे. मी त्यांना विचारलं, यात मुख्य काम कोणतं? म्हणाले, ‘‘बाय, पानी कोंडल्याशिवाय मीठ नाय पिकत.’’

आमच्याच तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे जवळपास हेच म्हणून गेलेत, मनाबद्दल. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबा एकाग्रतेचा विषय काढतात आणि लगेच तिच्या जोडीला जीवनाची परिमितता आणतात. खाणं, झोपणं, बोलणं, बघणं, ऐकणं सगळं मोजकं. म्हणजे नुसते डोळे मिटून बसून भागत नाही, आत काय काय येऊ देतो तेही बघावं लागतं. (रील्सवर प्रवचन देणार नाहीये. काल रात्री दीड वाजता मी स्वतः काय बघत होते ते सांगण्यासारखं नाही.)

शब्दाचं मूळ शोधायला गेले तर आणखी मजा. कॉन्सन्ट्रेशनच्या पोटात जो ‘सेंटर’ आहे, तो ग्रीक ‘केन्ट्रॉन’वरून आला. केन्ट्रॉन म्हणजे टोचणारं टोक, कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक असतं ना, तसं. आणि आपलं ‘केंद्र’? तेही संस्कृतात त्याच ग्रीक शब्दावरून आलंय. एकाग्र मात्र अस्सल संस्कृत, पण त्यातही ‘अग्र’ म्हणजे टोकच! उलट ‘लक्ष’ हा शब्द डेंजर आहे. त्याचा अर्थ अवधान, निशाणा आणि एक लाखसुद्धा. माझं लक्ष बहुतेक वेळा तिसऱ्या अर्थाचं असतं. ‘ध्यान’चंही तेच. ऋषी करतात ते ध्यान आणि आई मला बघून ‘काय ध्यान आहे’ म्हणते तेही ध्यान.

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे फॉर्म भरणाऱ्या मैत्रिणीने परवा विचारलं, ‘कॉन्सन्ट्रेशन’च्या रकान्यात काय लिहू? मी म्हटलं, ‘पुअर’ लिही. तिथे त्याचा अर्थ पदवीत निवडलेला खास विषय असा होतो.

एका ठिकाणी मात्र हसू येत नाही. कॉन्सन्ट्रेशन कॅम्प. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात १९०० ते १९०२ च्या दरम्यान ब्रिटिशांनी बोअर कुटुंबांची शेतं जाळली, बायकामुलांना उचलून तंबूंच्या छावण्यांत एकत्र कोंडलं. रोगराई आणि उपासमारीने २५ हजारांहून जास्त बायकामुलं मेली. तिथल्या काळ्या लोकांसाठी वेगळ्या छावण्या होत्या आणि त्यांतही हजारो गेले. नाझींनी १९३३ मध्ये दाखाऊची छावणी उघडली तीही याच नावाने. नाव कसं स्वच्छ, सरकारी! लोकांना एका जागी आणलं, बस. मराठी पत्रकारितेत याला ‘छळछावणी’ म्हणतात. तिथे काय झालं ते नावातच सांगून टाकलंय. माझ्या मते आपला शब्द जास्त खरा आहे. डेस्कवर उद्या कुणी मला ‘एकत्रीकरण शिबिर’ लिहायला सांगितलं, तर इंटर्न असूनही मी वाद घालीन.

धाकटी बहीण यंदा अकरावीला गेली, सायन्सलाच. मागच्या रविवारी तिला आणि आजोबांना घेऊन बांधावर गेले. आजोबांच्या आगरात आता कुणी पाणी घेत नाही, पण वाफ्यांच्या रेघा अजून दिसतात. तिला म्हटलं, संहती म्हणजेच कॉन्सन्ट्रेशन, आणि ती इथे व्हायची. तिचा प्रश्न, मग डिग्री म्हणजेच मोलॅरिटी का? नाही, डिग्रीने पाणी किती जड झालं ते कळतं, मोलॅरिटी म्हणजे लिटरमध्ये किती मोल. तिने तिथेच वही काढली. सगळे क्षार मीठच धरून ३५ भागिले ५८.५.

‘‘शून्य पॉइंट सहा,’’ ती म्हणाली.

आजोबांनी वहीत डोकावून पाहिलं. ‘‘आन् मीठ कवा धरंल?’’

ती परत वहीत शिरली.