उजव्या पायाची टाच

श्रोतेहो, आपण नित्य मोटार चालवीत असाल, तर आपला रोजचा जोडा उचलून त्याची मागील बाजू पाहा. उजव्या टाचेवरील कातडें घासून पांढुरकें झालेलें दिसेल; डावी त्या मानानें शाबूत असेल. कारण उघड आहे. ॲक्सिलरेटर व ब्रेक हीं दोन्ही उजव्या पायाकडे. टाच गाडीच्या तळावर टेकवून पाऊल त्या दोहोंमध्यें फिरवावें लागतें, आणि तेथें सांचलेली बारीक रेती कांचकागदाचें काम करिते. पावसाळ्यांत भिजून मऊ झालेल्या कातड्याची तर दशाच होते.

यावर कित्येक गृहस्थ टाचेखालीं गालिच्याचा तुकडा किंवा आणखी एक चटई पसरतात. हें मात्र मुळींच करूं नये. सुटी चटई पुढें सरकून ॲक्सिलरेटर दाबून धरूं शकते. याच भयानें २००९ सालीं अमेरिकेंत लक्षावधि मोटारी परत बोलवाव्या लागल्या. हुकांना अडकविलेली एकच चटई, वरचेवर झटकलेली, एवढें पुरें.

इटलींत १९६३ सालापासून खास मोटारीकरितां रबरी गुटिका बसविलेले मऊ जोडे निघाले आहेत. पुष्कळांत त्या गुटिका टाचेच्या मागेंही चढविलेल्या असतात. तितकी हौस नसल्यास पातळ तळाचा, टाचेस बंद असा एखादा जुना जोडा गाडींतच ठेवावा. चप्पल नको, ती निसटते. उंच टाचा वापरणाऱ्या भगिनींना तर हें अधिकच अगत्याचें, कारण तशा टाचेवर पाऊल ब्रेकवर नीट बसत नाहीं. काढलेले जोडे मात्र मागच्या बाजूस ठेवावे; पायाशीं ठेवलेला बूट सरकून ब्रेकखालीं गेला, तर ऐन वेळीं ब्रेक दाबतां येत नाहीं.