खोबरेल थिजतं, शेंगदाणा तेल का नाही?

पुण्यात डिसेंबर लागला की खोबरेलाची बाटली उन्हात किंवा गरम पाण्याच्या तांब्यात जाते. शेजारच्या शेंगदाणा तेलाला थंडीची पर्वा नसते. रेणूंची घडण मात्र एकच: ग्लिसरॉलला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. फरक आहे तो साखळीच्या सरळपणात.

खोबरेलातल्या साखळ्या बहुतेक संपृक्त, म्हणजे सरळ. निम्म्याच्या आसपास तर एकटं लॉरिक आम्ल. मोळीतल्या काटक्यांसारख्या त्या एकमेकींना खेटून बसतात आणि व्हॅन डर वाल्स बलांना पकड मिळते. ही बलं एकेकटी अगदी दुबळी, पण साखळीभर त्यांची बेरीज होते. म्हणून साधारण २४ अंश सेल्सिअसखाली खोबरेल थिजू लागतं. शेंगदाणा तेलात ओलेइक आम्ल भरपूर. त्याच्या साखळीला नवव्या कार्बनपाशी दुहेरी बंधामुळे बाक येतो, आणि वाकड्या काटक्यांची मोळी काही घट्ट बांधता येत नाही.

एका बाकाची किंमत किती? स्टिअरिक आणि ओलेइक, दोन्ही १८ कार्बनची आम्लं. पहिलं वितळतं ६९ अंशांना, दुसरं १३-१४ अंशांनाच. वनस्पती तुपाचा सगळा धंदा यावरच उभा राहिला: तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडायचा, की दुहेरी बंध घटतात आणि तेल घट्ट होतं.

कोकणातलं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, तर उन्हाळ्यातही मुठीत वळलेला गोळाच राहतं. स्टिअरिक आम्ल मुबलक ना! भेगाळलेल्या टाचेला लावायचं तर आधी त्याला ऊब द्यावी लागते.