फवारणी पंपाच्या बॅटरीची निगा

कासारसाईसारख्या भात-उसाच्या गावी पाठीवरील बॅटरी पंप आता फवारणीस वापरले जातात. अनेक पंपांत शिसे व आम्ल यांची १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरलेली ठेवल्यास शिशाच्या प्लेटांवर कठीण थर बसतो, शक्ती घटते व ऐन किडीच्या वेळी पंप बंद पडतो. म्हणून फवारणी संपताच ती चार्ज करावी. पंप वापरात नसला तरी महिन्यातून एकदा करावी. पंपाबरोबर मिळालेलाच चार्जर वापरावा. चार्ज होताना ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटू शकतो. यास्तव जागा हवेशीर, कोरडी व पेंढा, चूल आणि विडी यांपासून दूर असावी. जोडणी ओल्या हातांनी करू नये. फुगलेली बॅटरी मुळीच चार्ज करू नये. निकामी बॅटरी न फोडता विक्रेत्याकडे परत द्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही रीत शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष दाखवावी.