फोटो मागाहून, आधी वाचन

परवा संध्याकाळी अयोध्या नगरातील आमच्या शेजारची मुलगी दार लोटून आत आली. म्हणाली, "काका, मला टीव्हीवर निवेदिका व्हायचंय. सोमवारी चाचणी आहे. फोटो चांगला कुठे काढून मिळेल?"

मी तिच्या हाती हिंदी वर्तमानपत्र दिले. आवाज खणखणीत, चेहरा प्रसन्न. पण 'ज़मीन'चा नुक्ता तिने पार गिळला. मग मराठी उतारा दिला. 'चाळीस गावांत दुष्काळ' याचे झाले 'चालीस गावांत दुष्काल', आणि तो 'च'ही हिंदी 'चार'मधला! तीन पिढ्या भोपाळात काढलेल्या आपल्या घरांचे हे असेच. मला मात्र हसू आले नाही. तरुणपणी एका केंद्रावरच्या आवाजचाचणीत याच 'ळ'ने मला घरी पाठविले होते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. तेथे मराठी बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील पुढे चित्रपटांत गेल्या, तेवढेच लोकांच्या लक्षात राहते. भक्ती बर्वे यांच्यापाशी रंगभूमीची वाणी होती. प्रदीप भिडे २०२२ साली गेले, तेव्हा घरोघरी आठवण निघाली ती आवाजाचीच. त्या आरंभीच्या दिवसांत कागद हाती असे. वाक्याचे शेपूट डोळ्यांनी आधीच टिपून ठेवायचे, मान वर करायची आणि समोरच्या माणसाला सांगावे तसे बोलायचे. आज कॅमेऱ्यापुढच्या काचेवर अक्षरे सरकत येतात. सोय मोठी खरी, पण ज्याला अर्थ उमगला नाही त्याची बुबुळे डावीकडून उजवीकडे धावताना साऱ्या घराला दिसतात!

मुलीची आई मागोमाग आली. "नोकरी पक्की का हो?" हा तिचा प्रश्न. खोटे कशाला सांगू? आकाशवाणी-दूरदर्शनची केंद्रे पुष्कळदा नैमित्तिक निवेदकांची यादी करतात. लेखी परीक्षा, आवाज, कॅमेरा अशा पायऱ्या चढून नाव यादीत लागले, तरी मोबदला कामाच्या पाळीपुरता आणि महिन्याकाठी पाळ्या मोजक्याच. तेव्हा हातातली शिकवणी सोडू नये, असे मी स्पष्ट सांगितले. आईचा चेहरा उतरला. मुलीचा उतरला नाही, हे मला आवडले.

फोटोचे मी काहीच बोललो नाही. रोज अर्धा तास मोठ्याने वाचायचे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून आपलेच आपण ऐकायचे, एवढे सांगितले. आपला आवाज पहिल्यांदा ऐकताना तिने कानांवर हात ठेवले. (सगळेच ठेवतात!)

काल चौथा दिवस. बायपासवर ट्रकांची रहदारी चाललेली. खिडकी लावून ती समोर बसली. 'चाळीस' नीट आले. 'दुष्काळ'पाशी जीभ अडखळली, थांबली, पुन्हा वळली. मी मान डोलावणार, तोच ती म्हणाली, "काका, पंखा बंद करा ना. त्याच्या आवाजात 'ळ' ऐकू येत नाही."