उंच चाक आणि आखूड पाय

१८८६ साली लाहोरहून दिल्लीकडे येणाऱ्या ग्रँड ट्रंक रस्त्यावर लोकांनी एक विलक्षण वाहन पाहिले. पुढे माणसाच्या छातीपर्यंत येणारे भले मोठे चाक, मागे लहानसे दुसरे, आणि त्या मोठ्या चाकाच्या माथ्यावर बसलेला एक प्रवासी. हा प्रवासी म्हणजे टॉमस स्टीव्हन्स. १८८४ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोहून निघून सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस पुढे दिल्ली व आग्रा करीत कलकत्त्यास गेला. त्याच्या सायकलीचे पुढचे चाक ५० इंच व्यासाचे होते.

पन्नासच इंच का? त्या काळी सायकलीला साखळी नव्हती. पायडल थेट चाकाच्या आसाला जोडलेले असल्यामुळे पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाक जितके मोठे तितके एका फेऱ्यात अंतर अधिक कापले जाई. ५० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १३ फूट जाते. म्हणून वेगाची हौस असणारा प्रत्येक जण शक्य तितके मोठे चाक मागे. पण स्वार बसे चाकाच्या वर आणि त्याचे पाय पोहोचावे लागत आसाच्याही खाली. त्यामुळे चाकाचा आकार ठरे तो स्वाराच्या पायावरून. चांभाराने जोड्यांचे माप घ्यावे तसे तेव्हाचे विक्रेते गिऱ्हाइकाच्या पायाचे माप घेऊन सायकल देत. आखूड पायाच्या माणसाला लहान चाक आणि पर्यायाने कमी वेग पत्करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

१८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल पुढे आणली आणि साखळीच्या योगाने ही अडचण एकाएकी संपली. चाक लहान ठेवूनही दातेरी चक्रांच्या हिशेबाने वेग मिळू लागला. १९५१ साली दिल्लीजवळच सोनीपत येथे ॲटलास सायकलींचा कारखाना उभा राहिला. तेथून ज्या काळ्या भारदस्त सायकली देशभर गेल्या, त्या या रोव्हरच्याच वंशातल्या. त्यांवरही आखूड पायांची कुचंबणा झालीच. मात्र तेथे आड येई तो वरचा दांडा, चाक नव्हे. मुलांनी त्यावर उपाय शोधला तो दांड्याखालून तिरका पाय घालून सायकल हाणण्याचा. उत्तर हिंदुस्थानात याला ‘कैंची’ म्हणतात. महाराष्ट्रातही असंख्य मुले सायकल शिकली ती अशीच, घरच्या मोठ्या माणसाच्या सायकलीवर.

एकचाकी सायकलीत मात्र स्टीव्हन्सच्या काळची अडचण जशीच्या तशी शिल्लक राहिली आहे. मराठी प्रेक्षकाला एकचाकी ठाऊक आहे ती सर्कशीतली. १८८० साली विष्णुपंत छत्रे यांनी सर्कस उभारली, तेव्हापासून महाराष्ट्राचे या खेळाशी नाते आहे. परंतु सर्कशीतल्या एकचाकीचे चाक लहान असते; जी डोक्याहून उंच दिसते तिची उंचीही लांब नळीची आणि साखळीची, चाकाची नव्हे. रस्त्यावरून मैलोगणती जाण्यासाठी जी एकचाकी वापरतात तिचे चाक ३६ इंचांचे असते. ते एका फेऱ्यात सुमारे साडेनऊ फूट जाते, मिनिटाला शंभर फेरे मारले तर ताशी सतरा किलोमीटर, आणि रस्त्यातले लहान खड्डे त्याला जाणवतही नाहीत. बुटक्या माणसाला हे चाक पाहताच ‘हे तुमच्यासाठी नाही’ असे सांगून टाकण्याची रीत आहे. हा निकाल बहुधा माप न घेताच दिलेला असतो.

माप घ्यायचे ते उंचीचे नव्हे. सारख्याच उंचीच्या दोन माणसांच्या पायांत दोन इंचांचा फरक सहज असू शकतो. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, दोन मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर सारावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचे हे माप २८ इंच आले असे समजू. बुटाच्या तळव्याने एखादा इंच वाढतो, पण पाय अगदी ताठ न होता गुडघा किंचित वाकलेला राहावा लागतो, त्यात तो खर्चही होतो. तेव्हा हिशेब २८ इंचांचाच.

आता चाकाकडची बाजू. आसापासून टायरच्या माथ्यापर्यंत १८ इंच. त्यात तडजोड नाही. टायरवरची मोकळी जागा आणि चिमट्याचा माथा मिळून सुमारे दोन इंच. त्यावर सीटची नळी व सीट मिळून पाच इंच. आसाच्या खाली क्रँक, म्हणजे पायडलला आसाशी जोडणारी भुजा, सहा इंच. एकूण झाले ३१. तीन इंच जास्त!

हे तीन इंच कुठून काढायचे? पहिली जागा सीटखालची. नळी कापता येते, जाड गादीच्या जागी पातळ सीट बसवता येते. दीड इंच येथे मिळतो. मात्र नळी चिमट्याच्या मानेत पुरेशी खोल गेलेली असली पाहिजे आणि तिचे खालचे टोक टायरला घासता कामा नये. मान स्वतःच उंच असेल तर तीही कापावी लागते, आणि मग आवळपट्टीसाठी तिला नव्याने चीर द्यावी लागते. हे काम घरी करवतीने उरकण्याचे नव्हे.

दुसरी जागा क्रँकची, आणि खरी मौज येथे आहे. लांब भुजेने बळ जास्त मिळते हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. म्हणून आखूड पायाच्या माणसाला लांब क्रँक द्यावी असे प्रथमदर्शनी वाटते. पण क्रँक जितकी लांब तितके पायडल खाली जाते आणि पाय अपुरा पडतो. सहा इंचांची क्रँक काढून साडेचार इंचांची घातली की उरलेला दीड इंच मिळाला आणि २८ चा हिशेब जुळला. याची किंमत द्यावी लागते: चढावर पायाला एक तृतीयांश जोर अधिक लावावा लागतो, आणि उतारावर चाक रोखणेही तितकेच जड जाते, म्हणून अशा एकचाकीला हातब्रेक अवश्य हवा. उलट सपाटीवर पायाचे वर्तुळ लहान झाल्यामुळे चाल जलद आणि स्थिर होते. दिल्ली-गुरुग्रामच्या बऱ्याचशा सपाट रस्त्यांवर हा सौदा तोट्याचा नाही.

इंच काढण्याच्या भरात सीट उंचच राहू दिली, तर स्वार प्रत्येक फेऱ्याला खालच्या पायडलकडे कंबर झुकवतो. चाक सापासारखे वळवळते, मांड्यांना बधिरता येते आणि स्वार स्वतःच्या तोलाला दोष देत बसतो. वस्तुतः दोष मापाचा असतो.

पायाचे माप २८ च्याही खाली असेल तर हट्ट न धरणे बरे. २९ इंची चाकात एका झटक्यात साडेतीन इंच वाचतात. आणखी एक मार्ग आहे, महागडा. फ्लोरियान श्लुम्फ या स्विस कारागिराने एकचाकीच्या तुंब्यातच दातेरी चक्रे बसवली; टाचेने कळ दाबली की पायाच्या एका फेऱ्यात चाकाचे दीड फेरे होतात. म्हणजे २४ इंची चाक ३६ इंची चाकासारखे धावते. स्टार्लीने साखळीने जे साधले तेच येथे आसाच्या पोटात साधले आहे.

माप जुळले तरी चढायचे कसे, हा प्रश्न उरतोच. अशा एकचाकीची सीट जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास येते; पाच फुटी माणसाच्या कमरेच्या वर. स्टीव्हन्सच्या सायकलीला मागच्या कण्यावर पाय ठेवायला पायरी होती, एकचाकीला कणाच नाही. प्रारंभी पदपथाच्या उंच कडेवरून किंवा खांबाला धरून चढावे. मागच्या बाजूला असलेल्या पायडलवर एक पाय ठेवून उडी घेण्याची कला नंतर, तीही लहान चाकावर शिकून झाल्यावर. सरावाला वाहनांविना रस्ता हवा. गुरुग्राममध्ये २०१३ च्या नोव्हेंबरात ‘राहगिरी’च्या निमित्ताने सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि तसा मोकळा डांबरी रस्ता किती दुर्मिळ आहे हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आले.

जोडणीची एक गोष्ट सायकल दुरुस्त करणाऱ्यास आवर्जून सांगावी लागते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, उजव्याचे सुलटे. एकचाकी पुढून-मागून सारखीच दिसत असल्याने चाक उलटे बसण्याचा संभव फार. तसे झाले तर चालता चालता पायडल आपोआप सैल होऊन निघते. म्हणून क्रँकवरची डाव्या-उजव्याची खूण पाहूनच चाक चिमट्यात घालावे, आणि पहिल्या काही मैलांनंतर दोन्ही क्रँक पुन्हा एकदा आवळाव्या.